पठारावरच्या पांढऱ्या डब्यांबाबत

पुरवणी जबाब
दिनांक ०५/०९/२०२५

मी, कुंदन खंडेराव डेर्ले, वय ३६ वर्षे, धंदा खाजगी नोकरी (वारा मोजणाऱ्या यंत्रांची देखभाल व दुरुस्ती), राहणार आडगाव, नाशिक, मूळ गाव सायखेडा, तालुका निफाड. आज मला कोणी बोलावलेले नाही. मी आपण होऊन पोलीस ठाण्यात आलो आहे आणि समक्ष सांगतो की,

माझा पहिला जबाब दिनांक २७/०८/२०२५ रोजी येथेच नोंदवला गेला आहे. त्यात खोटे असे एकही वाक्य नाही. परंतु त्यात मी जे सांगितले नाही त्यामुळे देवराम भिका भोये हा दिनांक २९ पासून अटकेत आहे. म्हणून हा पुरवणी जबाब देत आहे.

मी नऊ वर्षांपासून या कामात आहे. पवनचक्क्या उभ्या करण्याआधी त्या जागेवर वर्षभर वारा मोजतात. त्यासाठी हरसूलच्या वरच्या अंगाला असलेल्या पठारावर आमच्या कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये एक यंत्र बसवले. ते कपडे धुण्याच्या मशीनएवढे असून वरच्या बाजूला काच आहे. काचेतून लेझरचा किरण आकाशात जातो, हवेतल्या धुळीच्या कणांवरून परत येतो, आणि त्यावरून चाळीसपासून दोनशे मीटर उंचीपर्यंत वारा किती व कुठून आहे हे कळते. किरण दिसत नाही व आवाज होत नाही. काच पुसलेली असणे, यंत्र जमिनीला समपातळीत असणे, त्याचे तोंड उत्तरेला असणे आणि वीज सुरू असणे, एवढ्या चार गोष्टी सांभाळाव्या लागतात. आकडे रोज सकाळी उंच खांबावरच्या अँटेनाने मोबाईलच्या नेटवर्कवरून कार्यालयात जातात. महिन्यात शंभरपैकी नव्वद तासांचे आकडे आले नाहीत तर तो महिना धरत नाहीत.

यंत्राभोवती तारेची जाळी आहे व शेजारी पत्र्याची खोली आहे. तेथे देवराम हा पहिल्या दिवसापासून चौकीदार आहे. त्याचा पाडा पठाराच्या खाली आहे. काच पुसायचे मऊ फडके तो दुसऱ्या कशाला वापरत नसे. ते धुऊन खोलीत वेगळ्या खिळ्याला टांगत असे. इतर ठिकाणचे चौकीदार सदऱ्याच्या बाहीने काच पुसतात. हे विचारले नसता सांगत आहे.

योगेश सावळीराम कुटे, वय ३९, राहणार सायखेडा, हे माझी धाकटी बहीण उज्वला हिचे पती. त्यांची स्वतःची पिकअप गाडी होती. २०२१ साली मी त्यांना कंपनीच्या कामावर लावून घेतले. तेव्हापासून सामानाची ने-आण तेच करत. मी त्यांना दाजी म्हणत असे. चार वर्षे आम्ही एका डब्यातून जेवलो आहोत. दाजी अधूनमधून दारू घेत असत. घरी माहीत होते, पण त्यांच्या आईसमोर, म्हणजे कुसाबाईंसमोर, कोणी तो विषय काढत नसे.

पावसाळ्यात पठारावर ऊन नसते, त्यामुळे सोलरवर यंत्र चालत नाही. तेव्हा मिथेनॉलवर वीज तयार करणारी एक पेटी जोडतात. मिथेनॉल हे पाण्यासारखे दिसते, वास स्पिरिटचा येतो, पोटात गेले तर डोळे जातात आणि माणूस मरतो. कंपनीकडून ते पंचवीस लिटरच्या निळ्या सीलबंद डब्यांत येते. त्या डब्यांवर कवटीचे चित्र व सूचना छापलेली असते. डबा फोडून दुसऱ्या भांड्यात ओतायचा नाही असा लेखी नियम आहे. मला तो नियम माहीत होता. नवीन मुलांना तो मीच शिकवतो.

दिनांक २४/०७/२०२५ रोजी सकाळी मी, दाजी व देवराम असे तिघे दोन निळे डबे घेऊन पठाराकडे निघालो. पावसाने रस्ता खचला होता. गाडी मोरीपर्यंतच गेली. तेथून वर अडीच किलोमीटर चिखलाची पायवाट आहे. पंचवीस लिटरचा डबा डोक्यावर घेऊन देवराम दोनदा घसरला. कार्यालयातून सकाळपासून तीन फोन आले होते की बॅटरी खाली जात आहे, आज कसेही करून सुरू करा. गाडीत बॅटरीच्या पाण्याचे पाच-पाच लिटरचे दहा रिकामे पांढरे डबे होते. मी त्यांच्यावरचे कागद ओले करून सोलून काढले, कारण पुढे कोणी बॅटरीचे पाणी समजून बॅटरीत ओतू नये. मग निळे डबे फोडून मिथेनॉल त्या दहा डब्यांत भरले. दहाही डबे कोरे होते.

दाजी त्या वेळी गाडी वळवून लावत होते. मी देवरामला जवळ बोलावून सांगितले, "हे विष आहे. वास दारूचा येतो, पण हे दारू नाही. घोटभर गेलं तरी माणूस आंधळा होतो. पोरांना इकडं फिरकू देऊ नको."

देवराम म्हणाला, "मग साहेब, डब्यावर काय तरी लिहा ना."

मी म्हणालो, "पुढच्या खेपेला छापील चिठ्ठ्या आणतो."

त्या मी आणल्या नाहीत.

दाजी आले तेव्हा शेवटचा डबा भरत होतो. त्या दिवशी आषाढी अमावस्या होती, दुसऱ्या दिवसापासून श्रावण. त्यांनी नरसाळे नाकाला लावले आणि म्हणाले, "आज गटारी, अन् आज असला वास दाखवतो व्हय रे. परदेशी माल दिसतोय. काय हे?"

मी म्हणालो, "दाजी, हे मशीनचं औषध. तुम्हाला नाही झेपायचं."

ते हसले. मीही हसलो. देवराम हसला नाही. देवरामला मी जे सांगितले होते ते दाजींना सांगितले नाही. त्यांना ते माहीत असेल असे मी धरून चाललो. चार वर्षांत त्यांना मी लेझरबद्दल सांगितले, वाऱ्याबद्दल सांगितले, आणि हे एक सांगितले नाही.

दिनांक १२/०८/२०२५ रोजी वरच्या उंचीचे आकडे येत नव्हते म्हणून मी व दाजी पुन्हा गेलो. काचेवर पाणी मारणाऱ्या नळीत शेवाळ धरले होते. मी नळी बदलली, काच पुसली व पातळी तपासली. देवराम माझ्याबरोबर जाळीच्या आत होता. दाजी डबे ठेवलेल्या पत्र्याच्या खोलीत पावसाचे थांबले होते. तोवर यंत्राने पाच डबे संपवले होते आणि पाच भरलेले शिल्लक होते. उतरताना दाजींनी रिकामे डबे दोरीत ओवून खांद्यावर घेतले. ते माझ्यापुढे चालत होते. चालताना रिकामे डबे एकमेकांवर आपटून वाजतात. त्यातला एक वाजत नव्हता.

हे मी त्याच वेळी ऐकले होते. माझे कामच असे आहे की आवाजात फरक पडला की कान तिकडे जातो. मी डबे मोजले नाहीत. दाजींना विचारले नाही. पाऊस वाढला होता आणि मला मोरीपर्यंत पोचायची घाई होती.

दिनांक १४/०८/२०२५ रोजी सकाळी देवरामचा फोन आला. पठारावर एका खडकावरच नेटवर्क मिळते, तिथून त्याने केला. तो म्हणाला, "साहेब, डबा एक कमी हाय. पाच पायजे होते, चारच हायत."

मी म्हणालो, "नीट मोज. मशीनमध्ये ओतला असशील."

"नाय साहेब. ओतला की मी पत्र्यावर कोळशानं रेघ मारतो. पाच रेघा हायत. चार अन् पाच नऊच होतात."

मी म्हणालो, "मग गळत असेल कुठंतरी. मी येऊन बघतो."

मी नोंदवहीत 'इंधन गळतीची शक्यता' असे लिहिले.

दिनांक १८/०८/२०२५ रोजी मी एकटा मोटारसायकलवर गेलो. पेटीचे सगळे जोड उघडले, कोरडे केले, पुन्हा बसवले आणि प्रत्येक जोडाखाली कागद ठेवून तासभर वाट पाहिली. एकही कागद ओला झाला नाही. मग पेटीच्या आतल्या नोंदी काढल्या. रोजचा खप सव्वा लिटर होता, जेवढा असायला हवा तेवढाच. पंचवीस दिवसांचा हिशोब केला. पाच लिटरचा फरक आला, म्हणजे बरोबर एक डबा. यंत्रात दोष नव्हता.

म्हणजे डबा माणसाने नेला होता. पठारावर त्या दिवसांत तीनच माणसे येऊन गेली होती. मी, दाजी आणि देवराम.

मी देवरामला विचारले, "तू घरी नेलास का?"

तो म्हणाला, "माझ्या घरात माझी पोरं हायत, साहेब."

उरलेल्या डब्यांवर त्याने कोळशाने माणसाचे तोंड काढले होते आणि डोळ्यांच्या जागी फुल्या मारल्या होत्या. ते कधी काढले विचारले, तर डबा कमी दिसला त्या दिवशी, असे म्हणाला. मी ती चित्रे पाहिली. त्यानंतर नोंदवहीत शेरा लिहिला, 'एक डबा चौकीदाराच्या ताब्यातून गहाळ. चौकीदाराचा निष्काळजीपणा.' खाली सही केली. देवरामला काय लिहिले ते वाचून दाखवले नाही. त्याला वाचता येत नाही.

दाजींना त्या आठवड्यात मी तीन वेळा भेटलो. डब्याबद्दल विचारले नाही. विचारले असते तर त्यांनी हसत सांगून टाकले असते. त्यांचा स्वभाव लपवण्याचा नव्हता. मी विचारले नाही, कारण त्यांनी हो म्हटले असते तर मला नोंदवहीतला शेरा खोडावा लागला असता, आणि तो शेरा त्याच दिवशी कार्यालयात गेला होता.

दाजींनी पूर्ण श्रावण पाळला. पोळा झाला, बैल मिरवले. श्रावण संपल्यावर रविवारी, दिनांक २४/०८/२०२५ रोजी संध्याकाळी ते व त्यांचे मित्र निवृत्ती शिंदे हे नदीकाठच्या मळ्यातल्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीत बसले. तेथे काय बोलणे झाले ते निवृत्ती यांनी त्यांच्या जबाबात सांगितले आहे. परदेशी आहे, कंपनीची आहे, मेहुण्याकडची आहे म्हणजे चांगलीच असणार, असे दाजी म्हणाले होते. यापेक्षा जास्त मला माहीत नाही.

दिनांक २५/०८/२०२५ रोजी सकाळी दाजींना माझ्याबरोबर पठारावर यायचे होते. बरे वाटत नाही, तू हो पुढे, असा त्यांनी निरोप पाठवला. मी मोटारसायकलने गेलो. यंत्राचा एक पाय चिखलात रुतून ते कलले होते. कललेल्या यंत्राचे आकडे धरत नाहीत. मी पाय वर घेतला, खाली फरशीचा तुकडा घातला आणि पातळी बरोबर आली का हे कार्यालयाला विचारण्यासाठी खडकावर गेलो. तेथे सकाळी ८ वाजून ५२ मिनिटांनी दाजींचा फोन आला. वेळ मोबाईलमध्ये पाहून सांगत आहे.

दाजी म्हणाले, "कुंदन, डोळ्यापुढं पांढरं पांढरं दिसतंय रे. धुक्यात गाडी घातल्यावानी."

मी विचारले, "काल बसला होतात का?"

"बसलो होतो जरासा."

"मग उतरली नाही अजून. लिंबूपाणी घ्या आणि झोपून राहा. मी संध्याकाळी येतो."

ते म्हणाले, "हां. पण असं कधी झालं नव्हतं."

तेवढ्यात कार्यालयाचा फोन मध्ये येऊ लागला. मी दाजींचा फोन ठेवला आणि तो घेतला. दाजींशी बोलणे एक मिनिट बारा सेकंद झाले. किती घेतली हेही मी विचारले नाही, आणि काय घेतले हेही विचारले नाही. कार्यालयाशी अकरा मिनिटे बोललो.

त्यानंतर मी परत यंत्राजवळ गेलो व दुपारी १२ पर्यंत तेथे काम केले. तेथे नेटवर्क नाही. खडकावर आलो तेव्हा उज्वलाचे सात फोन येऊन गेलेले दिसले. मी तिला फोन केला. ती म्हणाली, "दादा, ह्यांना दिसत नाही. मी समोर उभी आहे तरी कोण आहे म्हणून विचारतात. श्वास बघ कसा लागलाय." तिने फोन त्यांच्या तोंडाजवळ धरला. मी तो श्वास ऐकला.

नाशिकच्या ज्या खाजगी रुग्णालयात त्यांना नेले होते तेथे मी दुपारी २ वाजून १० मिनिटांनी पोचलो. दाजी शुद्धीवर नव्हते. बाहेर उज्वला, कुसाबाई आणि माझी भाची निकिता होती. डॉक्टर बाहेर आले. त्यांनी सगळ्यांना मिळून विचारले, "यांनी काल काही घेतलं होतं का? दारू, हातभट्टी, स्पिरिट, काहीही? लपवू नका. त्यावर उपचार ठरणार आहेत."

उज्वला म्हणाली, "नाही हो. श्रावण पाळला त्यांनी."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "जेवणातून काहीतरी बाधलं असेल."

मला आता विचारण्यात आले की त्या क्षणी मला तो डबा आठवला होता का. होय. आठवला होता. फोनवर डोळ्यापुढे पांढरे दिसते हे ऐकले तेव्हा आठवला नाही, असे मी स्वतःला सांगत आलो आहे. त्याबद्दल मला खात्रीने काही सांगता येत नाही. पण डॉक्टरांसमोर उभा असताना आठवला होता. एक डबा वाजत नव्हता हेही आठवले होते.

मी का बोललो नाही, असे विचारल्यावरून सांगतो की, कुसाबाई समोर उभ्या होत्या. दुसरे असे की, मिथेनॉल हा शब्द तोंडातून गेला असता तर पुढचा प्रश्न डबा कोणी भरला हा आला असता. तिसरे काही कारण नव्हते.

मी दोन वेळा सांगायला उठलो. पहिल्या वेळी डॉक्टर आत होते. मी दारापर्यंत गेलो, पण दार वाजवले नाही. दुसऱ्या वेळी कुसाबाईंनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "तू आलास ना, आता मला घोर नाही." मी त्यांच्याजवळ बसलो.

संध्याकाळी ६ वाजता निवृत्ती यांना त्यांची आई सरुबाई यांनी त्याच रुग्णालयात आणले. त्यांनाही दिसत नव्हते. सरुबाईंच्या पिशवीत तो पांढरा डबा होता. त्यांनी तो टेबलावर ठेवला आणि डॉक्टरांना म्हणाल्या, "हे पिले हायेत दोघं बी. काय हे ते तुम्ही सांगा." डॉक्टरांनी झाकण उघडून वास घेतला आणि नर्सला हाक मारली. लगेच औषध सुरू केले व रक्त शुद्ध करणाऱ्या मशीनवर घेतले. म्हणजे तीन तास पन्नास मिनिटे गेली होती.

दाजी दिनांक २६/०८/२०२५ रोजी सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी वारले. निवृत्ती जिवंत आहेत. त्यांची नजर परत येणार नाही असे सांगितले आहे. दुपारी दोन वाजता कळले असते तर दाजी वाचले असते का, असे मी डॉक्टरांना विचारले. ते दुसऱ्या पेशंटकडे गेले.

दिनांक २७ रोजी पहिला जबाब द्यायला येण्याआधी मला वरिष्ठांचा फोन आला. ते म्हणाले, "विचारतील तेवढंच सांग. तू घाबरू नको. नोंदवहीत चौकीदाराबद्दल तुझा शेरा आहेच." जबाबात मी सांगितले की मिथेनॉल चौकीदाराच्या ताब्यात होते, ते विष आहे असे मी त्याला समजावले होते, आणि डबा बाहेर कसा गेला हे मी पाहिलेले नाही. प्रत्येक वाक्य खरे होते. कंपनीने नोंदवहीची प्रत दिली. दोन दिवसांनी देवरामला त्याच्या पाड्यावरून आणले. त्याने डबा विकला असा संशय घेण्यात आला. माझ्या घरच्या आणि बहिणीच्या सासरच्या लोकांनीही तेच धरले. सायखेड्यात लोक देवरामला शिव्या देत होते. ज्यांनी त्याला कधी पाहिलेही नाही असे लोक देत होते. मी तेथे बसून ऐकत होतो.

दिनांक ०१/०९/२०२५ रोजी मी पठारावर गेलो. चौकीदार नाही म्हणजे काच घाण होऊन आकडे थांबले असतील, असे मला वाटत होते. परंतु आकडे रोज येत होते. वर पाऊस होता. जाळीच्या आत एक बाई डोक्यावर इरले घेऊन उभी होती आणि त्या मऊ फडक्याने काच पुसत होती. ती देवरामची पत्नी नवसाबाई.

मी म्हणालो, "तुम्ही कशाला वर आलात?"

ती म्हणाली, "रोज येते. ते सांगून गेलेत, काच चुकवू नको, साहेबांचं आकडं जातं."

त्यांना नेल्यावरही? असे मी विचारले. ती म्हणाली, "त्यांना पोलीस घेऊन गेले तवा त्यांनी येवढंच सांगितलं. दुसरं सांगायला येळ कुठं होता."

मी यंत्राची पातळी पाहिली, बॅटरी पाहिली. सर्व ठीक होते. करण्यासारखे काही नव्हते. नवसाबाई फडके पिळून खिळ्याला टांगून आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. तिने विचारले, "साहेब, त्यांनी काय केलं? आम्हाला कोणी सांगत नाय. तुम्हाला माहीत असंल."

मी म्हणालो, "बघतो." ती म्हणाली, "तुम्ही बघता म्हणजे झालं मग." आणि पाड्याकडे उतरून गेली. मी तेथे किती वेळ बसलो ते सांगता येणार नाही. यंत्राला विचारले तर त्या वेळचा वारा सांगेल, मी नाही सांगू शकत.

दिनांक ०३/०९/२०२५ रोजी मी सायखेड्याला बहिणीकडे गेलो. ती ओट्यावर एकटीच होती. मी तिला सर्व सांगितले, ज्या क्रमाने येथे सांगितले त्याच क्रमाने. डबा दाजींनीच नेला, देवरामने दिला नाही, हे सांगितले. ते तिने ऐकून घेतले. रुग्णालयातले सांगितले तेव्हा ती म्हणाली, "डॉक्टरनं विचारलं तेव्हा तू माझ्या शेजारी उभा होतास, दादा. तुझा हात माझ्या खांद्यावर होता."

मी होय म्हणालो.

ती म्हणाली, "मी श्रावण सांगितला. मला माहीत नव्हतं म्हणून सांगितला. तुला माहीत होतं."

मी पुन्हा होय म्हणालो. त्यानंतर ती आत गेली. थोड्या वेळाने निकिता बाहेर आली आणि म्हणाली, "मामा, आई म्हणते दहाव्याला येऊ नका." ती परत आत जाईपर्यंत मी उभा होतो. दहावा काल झाला. मी गेलो नाही. माझे वडील खंडेराव गेले होते. परत आल्यावर ते माझ्याशी बोललेले नाहीत.

देवराम भोये याने मिथेनॉलचा डबा विकलेला नाही, कोणास दिलेला नाही व त्याची निगा राखण्यात कसूर केलेली नाही. डबा कमी असल्याचे त्याने मला दोनच दिवसांत कळवले होते. नियम मोडून कोऱ्या डब्यांत विष मी भरले. नोंदवहीतला दिनांक १८/०८/२०२५ चा शेरा मी माहिती असून चुकीचा लिहिला. ते विष आहे हे योगेश कुटे यांना मी कधीही सांगितले नाही. मोबाईलमधील फोनची यादी, नोंदवहीचे मूळ पान व यंत्रातील खपाची नोंद सोबत हजर करत आहे.

या जबाबाचा माझ्याविरुद्ध उपयोग होऊ शकतो हे मला समजावून सांगण्यात आले. ते मला समजले. देवरामला आज घरी सोडणार का, असे मी विचारले. तो आता न्यायालयीन कोठडीत आहे, कागद तेथे जातील, सुट्ट्या आहेत, वेळ लागेल, असे सांगण्यात आले. नवसाबाईला निरोप कोण देईल, असे विचारले. त्याची नोंद जबाबात घेत नाहीत, असे सांगण्यात आले.

हा जबाब मी मराठीतून सांगितला व तो माझ्यासमोर संगणकावर टंकण्यात आला. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. हवालदारांनी तो मला सुरुवातीपासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचून दाखवला. एका ठिकाणी 'त्या क्षणी डबा आठवला असावा' असे टंकले गेले होते. हवालदार म्हणाले, असू द्या, तुमच्याच फायद्याचं आहे. मी ते 'आठवला होता' असे करून घेतले. आता तो मी सांगितला तसाच आहे व खरा आहे.

जबाब देणार,
कुंदन खंडेराव डेर्ले